पक्ष्यांच्या छायाचित्रात पाण्यातील प्रतिबिंब घ्यावे की टाळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणपक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांकडून प्रतिबिंबाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आकड्यांची तुलना सोपी व्हावी म्हणून सर्वत्र एकच उदाहरण धरले आहे : फुल फ्रेम (36 × 24 मिमी सेन्सरचा) कॅमेरा, 600 मिमी लेन्स आणि 10 मीटरवर उथळ पाण्यात उभा असलेला 25 सेंमी उंचीचा पक्षी. वेगळी परिस्थिती असेल तेथे तसे नमूद केले आहे.

1. पक्षी पाण्यात उभा असेल तर प्रतिबिंब घ्यायलाच हवे का?

नाही. संपूर्ण प्रतिबिंब फ्रेममध्ये जवळजवळ पक्ष्याइतकीच जागा घेते आणि ती जागा पक्ष्याच्या आकारातून वजा होते, त्यामुळे एवढी जागा देऊन पदरात काय पडते हे आधी पाहावे. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय पाण्याच्या रेषेवर दुमडल्यासारखे खाली उतरतात आणि एका उभ्या रेषेची दुप्पट लांब रेष होते; अशा वेळी प्रतिबिंब गाळणे म्हणजे चित्राचा अर्धा आकार फेकून देणे होय. याउलट, वारकरी हा काळा, बसक्या अंगाचा पक्षी पोहत असताना त्याचे प्रतिबिंब म्हणजे बहुधा एक काळा डाग असतो. तेथे प्रतिबिंबाचा नाद सोडून त्याचा लाल डोळा आणि कपाळावरचा पांढरा पट्टा जवळून टिपणे अधिक फलदायी ठरते.

आमचा कल असा आहे : प्रतिबिंबामुळे आकारात किंवा रंगात काही नवी भर पडत असेल तर ते पूर्ण घ्यावे, नसेल तर सरळ टाळावे. हा निर्णय शक्यतो शटर दाबण्यापूर्वी घ्यावा, कारण कॅमेऱ्याची उंची, फ्रेमची दिशा आणि पक्ष्यापासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात आणि त्या नंतर संगणकावर बदलता येत नाहीत.

2. प्रतिबिंब अर्धेच आले आहे. असा फोटो चालतो का?

बहुतेक वेळा चालत नाही, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. पक्ष्याचे डोके पाण्यापासून सर्वांत उंच असते, म्हणून प्रतिबिंबात ते सर्वांत खाली जाते आणि फ्रेम अपुरी पडली की पहिला बळी त्याचाच जातो. वर डोळा, चोच, मान असा पूर्ण पक्षी आणि खाली मुंडके नसलेले धड, असे हे चित्र होते. पाहणाऱ्याची नजर प्रतिबिंबावरून खाली उतरते आणि कडेवर आपटून थांबते. चोचीचे टोक तेवढे कापले गेले असेल, तर ते अर्धे धड कापण्यापेक्षाही अधिक खटकते, कारण ती चूक निसटल्यासारखी दिसते.

दोन प्रकारचे काप मात्र स्वीकारता येतात. पहिला, फक्त पायांचे प्रतिबिंब ठेवून धड सुरू होण्याच्या बऱ्याच आधी केलेला काप. यात पाणी हा केवळ आधार आहे आणि चित्र पक्ष्याचेच आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. दुसरा, तरंगांमुळे प्रतिबिंब खालच्या बाजूला आपोआप विरघळत गेले असेल तेव्हाचा; तेथे नेमकी कड नसल्यामुळे काप जाणवत नाही (तरंगांविषयी प्रश्न 7 पाहावा). या दोहोंत न बसणारे अर्धे प्रतिबिंब असेल, तर धीटपणे आणखी वर क्रॉप करावे.

3. पूर्ण प्रतिबिंब मावतच नाही. कॅमेरा उभा धरू की मागे सरकू?

आधी उभा धरावा. आपल्या उदाहरणात लेन्सला 10 मीटरवर सुमारे 56 × 38 सेंमी एवढेच क्षेत्र दिसते. पक्षी आणि प्रतिबिंब मिळून 50 सेंमी होतात, म्हणजे आडव्या फ्रेममध्ये ते मावणे अशक्य आहे. उभ्या फ्रेममध्ये मात्र वर आणि खाली जेमतेम तीन-तीन सेंमी जागा उरते. आडव्या फ्रेमचाच आग्रह असेल तर जवळजवळ 15 मीटरपर्यंत मागे जावे लागते. 6000 × 4000 पिक्सेलच्या सेन्सरवर याचा हिशोब असा होतो : उभ्या फ्रेममध्ये पक्ष्याच्या उंचीला सुमारे 2,700 पिक्सेल मिळतात, तर मागे जाऊन घेतलेल्या आडव्या फ्रेममध्ये सुमारे 1,800.

तरीही आडवी फ्रेम नेहमीच तोट्याची नसते. पक्षी चालत असेल, पुढे मोकळे पाणी असेल किंवा मागील काठाचा रंग दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर पक्षी लहान दिसण्याची किंमत देण्यासारखी असते. फोकस बिंदू फ्रेमच्या वरच्या भागात सरकवून ठेवण्याची सवय दोन्ही बाबतींत उपयोगी पडते. तो मध्यभागी राहिला की डोळा मध्यभागी येतो, वर रिकामे पाणी वाया जाते आणि खाली प्रतिबिंबाचे डोके कापले जाते.

4. कॅमेरा पाण्याच्या किती जवळ आणावा? खाली वाकल्याने खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजता येतो. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम 2 टक्के प्रकाश परावर्तित करते. नजर जसजशी पृष्ठभागाशी समांतर होते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. आपल्या उदाहरणात उभे राहून, म्हणजे कॅमेरा 1.6 मीटरवर ठेवून पाहिले, तर पक्ष्याच्या डोक्याकडून आलेल्या प्रकाशापैकी सुमारे 33 टक्के पाण्यावरून कॅमेऱ्याकडे येतो. झोपून कॅमेरा 30 सेंमीवर आणला की हेच प्रमाण सुमारे 71 टक्के होते. फरक एका स्टॉपहून (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप) अधिक आहे, आणि तोही काही न खर्चता मिळणारा.

मात्र खाली जाण्याची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. प्रतिबिंब जरी पक्ष्याच्या पायाखाली दिसत असले, तरी ते घडवणारे पाणी पक्षी आणि कॅमेरा यांच्यामध्ये पसरलेले असते. उभे राहून पाहताना डोक्याचे प्रतिबिंब देणारा पाण्याचा बिंदू पक्ष्यापासून साधारण 1.35 मीटर पुढे असतो. 30 सेंमी उंचीवरून पाहताना तो साडेचार मीटर पुढे, म्हणजे तुमच्यापासून फक्त साडेपाच मीटरवर येतो. त्यामुळे मध्ये चिखलाचा उंचवटा, शेवाळाचा पट्टा किंवा गवताचा झुपका असेल, तर पक्षी स्वच्छ दिसूनही प्रतिबिंबाचे डोके गायब होते. अशा जागी गुडघ्यावर बसण्याइतकी मधली उंची अधिक चांगली.

5. पांढऱ्या बगळ्याचे प्रतिबिंब करडे येते आणि काळ्या पाणकावळ्याचे मातकट. एक्स्पोजर चुकते का?

चुकत नाही, पाणी असेच वागते. काही प्रकाश पाण्यात शिरतो, म्हणून उजळ वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा नेहमी गडद दिसते. गडद वस्तूच्या बाबतीत उलटे घडते. पाणकावळ्याकडून मुळातच फार थोडा प्रकाश येतो, आणि पाण्यातील गाळावरून विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. त्यामुळे गढूळ पाण्यात काळ्या पक्ष्याचे प्रतिबिंब पक्ष्यापेक्षा फिके आणि तपकिरी दिसते.

एक्स्पोजर नेहमी पक्ष्यावर ठरवावे. पांढऱ्या पिसांचे हायलाइट (सर्वांत उजळ भागांतील बारकावे) एकदा उडाले की परत येत नाहीत, तर प्रतिबिंबातील अर्धा-एक स्टॉपची उणीव रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) सहज भरून काढता येते. भरून काढताना प्रतिबिंब पक्ष्याइतके किंवा त्याहून उजळ करू नये. पाहणाऱ्याला प्रकाशशास्त्र ठाऊक नसले तरी काहीतरी बिनसले आहे हे त्याला कळते.

6. पक्षी धारदार आणि प्रतिबिंब धूसर येते. पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस करू का?

करू नये. प्रतिबिंबाचा फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो; कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून पक्ष्यापर्यंत अशा पूर्ण मार्गाइतक्या अंतरावर तो असतो. पृष्ठभागावर फोकस केला तर तरंगणारी काडी धारदार येईल, आणि पक्षी व प्रतिबिंब दोन्ही हातचे जातील.

येथेही कॅमेऱ्याची उंचीच निर्णायक ठरते. 30 सेंमीवरून थेट अंतर आणि डोक्याच्या प्रतिबिंबाचे अंतर यांत सुमारे दीड सेंमी फरक असतो, तर उभे राहिल्यास तो आठ सेंमीच्या घरात जातो. एफ/4 ॲपर्चरला (ॲपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र) 600 मिमी लेन्सची फोकसखोली, म्हणजे धारदार दिसणारा पुढचा-मागचा पट्टा, 10 मीटरवर साधारण साडेसहा सेंमी असते आणि तिचा जवळपास निम्माच भाग डोळ्याच्या पलीकडे मिळतो. म्हणजे झोपून घेतलेल्या छायाचित्रात पक्ष्याचा आणि प्रतिबिंबातला असे दोन्ही डोळे धारदार येतात; उभ्याने घेतलेल्यात ॲपर्चर एफ/11 पर्यंत लहान करावे लागते. डोळा शोधणारा ऑटोफोकस कधीकधी प्रतिबिंबातील डोळ्यावर जाऊन बसतो, म्हणून स्वच्छ आरशासारख्या पाण्यात फोकसक्षेत्र लहान करून वरच्या डोळ्यावरच ठेवावे.

7. पाण्यावर तरंग असतील तर प्रतिबिंबाचा विचार सोडून द्यावा का?

तरंगांची जात पाहून ठरवावे. वाऱ्याची बारीक, एकसारखी लहर आली की प्रतिबिंब उभे ताणले जाते आणि रंगांच्या लांबट पट्ट्या तयार होतात. त्यात आकार हरवतो पण रंग टिकतो. रोहितासारख्या (फ्लेमिंगो) रंगीत पक्ष्याला हे शोभून दिसते, करड्या तुतवाराला नाही. वाऱ्याची झुळूक जोराची असेल आणि पाणी नुसते चकाकत असेल, तर प्रतिबिंब विसरून जवळची फ्रेम घ्यावी.

पक्ष्याने स्वतः उठवलेले तरंग हा वेगळा विषय आहे. उथळ पाण्यात चालणारा पक्षी पाऊल टाकतो, वलये पसरतात, आणि पुढच्या पावलापूर्वी तो क्षणभर थांबतो. ती वलये तुमच्या दिशेने सरकत असतात आणि प्रश्न 4 मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रतिबिंबाचा महत्त्वाचा भाग तुमच्याच बाजूच्या पाण्यावर घडत असतो, म्हणून पक्षी थांबल्याबरोबर शटर न दाबता वलये पुढे निघून जाईपर्यंत धीर धरावा. पोहणाऱ्या बदकामागचे पाणी फाटलेले असते, पण छातीपुढचे पाणी अजून हललेले नसते. ते थेट तुमच्या दिशेने येत असेल तर छाती आणि डोके यांचे प्रतिबिंब अखंड मिळण्याची शक्यता सर्वाधिक. टिबुकलीने बुडी मारली की मात्र काही काळ कॅमेरा खाली ठेवावा, हेच बरे.

8. प्रतिबिंबातला पक्षी वरच्या पक्ष्यापेक्षा वेगळा का दिसतो?

कारण प्रतिबिंब ही पक्ष्याची उलटी केलेली प्रत नसून त्याचे दुसरे दर्शन आहे. कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच, तितकाच पाण्याखाली खोल ठेवून वर पाहिले तर जे दिसेल, तेच प्रतिबिंबात दिसते. त्यामुळे पोट, शेपटीची खालची बाजू आणि पंखांची आतली बाजू तेथे अधिक दिसते, तर पाठ कमी दिसते. निळ्या पाठीचा आणि नारिंगी पोटाचा छोटा खंड्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसला असेल, तर वर निळा आणि खाली नारिंगी असे दोन रंगांचे पक्षी एकाच चित्रात मिळू शकतात. प्रतिबिंब घेण्यासाठी याहून सबळ कारण क्वचितच सापडते.

याचा तोटाही आहे. पक्ष्याने मान किंचित तुमच्यापासून वळवली आणि वरचा डोळा जेमतेम दिसत असला, तर खालचा डोळा बहुधा दिसतच नाही. मान तुमच्याकडे थोडी वळेपर्यंत थांबावे.

9. पाणी कधी निळे, कधी सोनेरी, कधी मळकट पांढरे येते. यावर आपला काही ताबा असतो का?

बराच असतो. कमी कोनातून दिसणारा पाण्याचा रंग हा बहुतांशी पलीकडच्या काठाचा किंवा आकाशाचा रंग असतो. पलीकडचे बोरू उन्हात असतील आणि पक्षी सावलीत असेल, तर पाणी सोनेरी होते. कॅमेरा खाली आणला की पाण्यात काठाच्या खालच्या भागाऐवजी वरचा भाग दिसावा असे अनेकांना वाटते, पण घडते नेमके उलटे : नजर जितकी आडवी, तितका क्षितिजाजवळचा भाग पाण्यात उतरतो आणि आकाश मागे हटते. उभे राहिल्यास उंच आकाश येते. ढगाळ दिवशी हाच गुण वापरता येतो; वरून घेतल्यास पाणी जवळजवळ पांढरे होते आणि गडद पक्षी त्यावर रेखाटनासारखा उठून दिसतो.

काठावर खांब, कोरड्या फांद्या किंवा भडक वस्तू असतील, तर त्यांचीही प्रतिबिंबे पक्ष्याच्या प्रतिबिंबात घुसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्यामागची पार्श्वभूमी तपासणारे लोक त्याच्या खालची पार्श्वभूमी तपासायला हमखास विसरतात.

10. पोलरायझर फिल्टर लावल्याने प्रतिबिंब सुधारते का?

पोलरायझर प्रतिबिंब घटवतो, वाढवत नाही. त्याचा परिणाम पृष्ठभागापासून सुमारे 37 अंशांच्या कोनातून पाहताना सर्वाधिक असतो आणि तीन-चार अंशांच्या कोनातून अगदीच किरकोळ. त्यासाठी एक-दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो. प्रतिबिंब हवे असेल तर तो काढून ठेवावा. उंच काठावरून पाण्यातील नको असलेली चकाकी मारायची असेल तरच लावावा.

11. पाण्यावरून उडणाऱ्या पक्ष्याचे प्रतिबिंब कसे मिळवावे?

पक्षी पाण्यापासून जितका उंच असेल, त्याच्या दुप्पट अंतर त्याच्यात आणि प्रतिबिंबात पडते. एक मीटर उंचीवरून उडणारा सुरय (टर्न) घ्यायचा तर दोन मीटरचे अंतर आणि वर दोन्ही पक्ष्यांची अंगे फ्रेममध्ये बसायला हवीत. 600 मिमीला उभ्या फ्रेममध्ये हे साधारण 40 मीटरवर शक्य होते, आणि तेव्हा मधले रिकामे पाणीच चित्राचा विषय होऊन बसते. म्हणून पक्षी त्याच्या पंखविस्तारापेक्षा कमी उंचीवर येईल तेव्हाच प्रतिबिंबाचा विचार करावा. पाणचिरा खालची चोच पाण्यात बुडवून उडतो, त्यामुळे तेथे पक्षी आणि प्रतिबिंब एकमेकांना टेकलेलेच असतात. इतर पक्ष्यांच्या बाबतीत उतरण्याचा क्षण सर्वांत सोयीचा. कमी फोकल लेन्थची लेन्स आणि 1/2000 सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड येथे उपयोगी पडतो.

12. थव्याच्या फोटोत सगळ्यांची प्रतिबिंबे घ्यावीत का?

पक्षी एकाच ओळीत असतील तर घ्यावीत. मागेपुढे उभे असतील तर मागच्यांची प्रतिबिंबे पुढच्यांच्या अंगाआड जातात आणि पायांचे जंगल तयार होते. अशा वेळी पायांपाशी थांबणे चांगले (प्रश्न 2 पाहावा).

13. ओल्या वाळूवर किंवा चिखलावर पडलेले प्रतिबिंबही चालते का?

चालते, आणि अनेकदा ते पाण्यापेक्षा स्थिर असते. लाट मागे सरकल्यावर वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षण आरशासारखा राहतो. तो मुरण्यापूर्वीच छायाचित्र घ्यावे.

14. फोटो सरळ आहे की तिरका, हे प्रतिबिंबावरून कसे ओळखावे?

पाण्याची कड पाहून सरळ करू नये, कारण काठ वळलेला किंवा तिरपा जाणारा असू शकतो. पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातील तोच डोळा जोडणारी रेष मात्र टेलीफोटो छायाचित्रात नेहमी उभीच असायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये ती रेष उभी केली की चित्र सरळ झालेच. पाणी शांत असताना याहून भरवशाची खूण दुसरी नाही.

15. झोपून घ्यायचे म्हणजे काठाच्या अगदी जवळ जावे लागते. पक्ष्यांना त्रास होत नाही का?

होऊ शकतो. शेकाट्या आणि टिटवीसारखे पक्षी पाण्याजवळ उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती सहज दिसत नाहीत. पक्षी ओरडत घिरट्या घालत असेल किंवा पंख मोडल्याचे सोंग करत दूर नेत असेल, तर आल्या वाटेने मागे फिरावे. विणीचा काळ नसेल तेव्हाही आधी जागा धरून पक्ष्याला आपणहून जवळ येऊ द्यावे; सरपटत पाठलाग केल्याने पक्षी आणि प्रतिबिंब दोन्ही जातात.

16. प्रतिबिंब अपुरे आले तर सॉफ्टवेअरमध्ये पक्षी उलटा करून जोडला तर?

घरच्या भिंतीसाठी कोणी काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, परंतु निसर्ग छायाचित्र म्हणून ते सादर करता येत नाही. पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या निसर्ग विभागाच्या नियमांत क्रॉप करणे आणि चित्र सरळ करणे चालते. चित्रात काही जोडणे, हलवणे किंवा काढून टाकणे चालत नाही. हाच नियम उलट्या दिशेनेही लागू होतो. विस्कटलेले प्रतिबिंब पुसून गुळगुळीत पाणी रंगवणे हेही त्यात बसत नाही. क्रॉप करून ते वगळणे बसते.

शिवाय ही लबाडी लपत नाही. प्रश्न 8 मध्ये सांगितल्याप्रमाणे खऱ्या प्रतिबिंबात पक्ष्याची खालची बाजू दिसते. उलटी जोडलेली प्रत मात्र वरच्या पक्ष्याशी पिसागणिक जुळते, आणि जाणत्या परीक्षकाला तेवढेच पुरते.

17. फोटो वरची बाजू खाली करून, किंवा फक्त प्रतिबिंबच दाखवून सादर करता येईल का?

फक्त प्रतिबिंबाचे चित्र पूर्णपणे प्रामाणिक आहे, कारण तो केवळ क्रॉप आहे. मंद तरंगांत पक्षी ओळखू येण्याइतका शिल्लक असेल, तर ते आम्हांला अनेक सरधोपट जोडचित्रांपेक्षा अधिक आवडते. चित्र 180 अंशांत फिरवले की तरंगांमधला पक्षी सरळ उभा दिसतो आणि कॅनव्हासवर रंगवल्यासारखा भास होतो. अशा वेळी फिरवल्याचा उल्लेख मथळ्यात किंवा टिपेत करावा, आणि स्पर्धेत पाठवायचे असल्यास निसर्ग विभागाऐवजी सर्जनशील किंवा मुक्त विभाग निवडावा. पायांचा खरा भाग चुकून वरच्या कडेला राहिला आहे का, हे फिरवण्यापूर्वी तपासावे.